बिनआवाजाची गाडी

टेंभुर्णीच्या वरच्या आळीत सोमवारची सकाळ कल्याणच्या जीपनं व्हायची. किल्ली फिरवली की आधी ती नुसती खोकायची, मग धापा टाकायची आणि मग अशी काही गरजायची की तान्ही पोरं दचकून रडायला लागत. बायका म्हणत, जीप सुरू झाली, उठा, चूल पेटवा. ज्याला जालन्याला जायचं असेल तो पिशवी उचलून रस्त्याच्या कडेला येऊन उभा राही. फोन करायचा नाही, आदल्या दिवशी सांगून ठेवायचं नाही, विचारायचं तर मुळीच नाही. आवाज आला की घराबाहेर यायचं, हात दाखवायचा आणि जीप थांबली की आत शिरायचं.

हा रिवाज कल्याणच्या वडलांनी, रामकिसन अण्णांनी पाडला होता. आळीतली पहिली चारचाकी त्यांची. गाडी रिकामीच चाललीय, त्यात दोन माणसं बसली तर काय बिघडतं, असं अण्णांचं म्हणणं. अण्णा गेले तेव्हा शेती, जीप आणि हा रिवाज असं सगळं कल्याणच्या वाट्याला आलं. कल्याणनं शेतीला जोडून गावात बी-बियाण्यांचं दुकान टाकलं. माल भरायला दर सोमवारी जालन्याला जाणं त्याला चुकत नसे, आणि कल्याणभाऊ सोमवारी जातात हे अख्ख्या गावाला पाठ होतं.

आता अण्णांच्या काळी दोन माणसं म्हणजे दोनच असायची. कल्याणच्या वेळेपर्यंत लोकांची कामंही वाढली आणि भीडही चेपली. कोणी दवाखान्याचा पेशंट घेऊन येई, कोणी लेकीला सासरी पोचवायला निघे, कोणाचं दळणाचं पोतं, कोणाच्या पाय बांधलेल्या कोंबड्या. जालन्यात उतरताना प्रत्येकाचं जरा बँकेपाशी सोडा, जरा कचेरीपाशी थांबा. कल्याणला नाही म्हणता येत नसे. असली माणसं गावाला फार गोड वाटतात. घरी आल्यावर ती कशी वागतात हे त्यांच्या बायकांना विचारावं. गावाला कल्याण ज्या सगळ्याला हसत हसत हो म्हणायचा त्याचा राग सोमवारी संध्याकाळी बायकोच्या, उषाबाईच्या भाजीतल्या मिठावर निघायचा.

शेवटी जीप इतकी म्हातारी झाली की तिला रस्त्यापेक्षा गॅरेजची वाट जास्त ओळखीची झाली. नवी गाडी घ्यायची ठरली. जालन्यात ज्या पेढीवरून कल्याण माल उचलायचा ती चांदमलजींची. आता गादीवर त्यांचा नातू श्रेयांस बसायचा. त्यानं नुकतीच हायब्रीड गाडी घेतली होती. एका सोमवारी त्यानं कल्याणला शेजारी बसवलं, बटण दाबलं आणि चलो म्हणाला. गाडी आता सुरू होईल, मग सुरू होईल म्हणून कल्याण वाट बघत राहिला आणि बाहेर पाहतो तर धान्यबाजाराचं, मोंढ्याचं फाटक मागं पडलेलं. आत नुसती पंख्यासारखी बारीक गुणगुण.

श्रेयांसनं सगळं समजावून सांगितलं. आत पेट्रोलचं इंजिनही आहे आणि बॅटरीही. हळू चालताना बॅटरी ओढते, जोर लागला की इंजिन येतं, आणि ब्रेक लावला, उतार लागला की बॅटरी आपली आपण भरून घेते. बाहेरून वायर लावायची भानगडच नाही. कल्याणला ते लगेच कळलं. एक बैल थकला की दुसरा पुढं करायचा आणि थकलेल्यानं उतारावर चालता चालता चरून घ्यायचं. त्याच दिवशी तो शोरूममध्ये जाऊन नाव नोंदवून आला.

गाडी मिळायला चिक्कार महिने लागले. तेवढ्या काळात दुकानात येणाऱ्या प्रत्येकानं आपलं ज्ञान पाजळून घेतलं. एकाला शंका की लाइट गेली तर ही गाडी वावरात अडकेल. दुसऱ्याला बॅटरीचा करंट बसण्याची भीती. समोरच्या पंक्चरवाल्या भुजंगाचं म्हणणं, हायब्रीड नावाचं बी विकून विकून कल्याणभाऊंना आता गाडीही हायब्रीडच दिसायला लागली. पुण्यात शिकणारी लेक आकांक्षा मात्र फोनवर बापाला शाबासकी देई, की पप्पा, धूर कमी होईल, बरोबर करताय. उषाबाईनं एकच विचारलं, आत चढायला गुडघ्याला त्रास होणार नाही ना.

गाडी आली. पांढरी शुभ्र, आत सायीच्या रंगाच्या गाद्या. त्या दिवशी ढोल वाजले, चाकाखाली लिंबं चिरडली, भिवामामानं पुढं होऊन नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी कल्याण-उषाबाई जांब समर्थला दर्शनाला जाऊन आले. ढोलाच्या दणक्यात गाडीचा आवाज कोणी ऐकला नाही, आणि आवाज नाहीच हेही कोणाच्या ध्यानात आलं नाही.

भिवामामा म्हणजे कल्याणच्या आईच्या माहेरचा नव्हे. तो अण्णांच्या वेळेपासून त्यांच्या शेतात कामाला होता आणि लहानपणी कल्याणला खांद्यावर बसवून शाळेत सोडायचा, म्हणून मामा. आता थकला होता. आळी जिथं मोठ्या रस्त्याला मिळते तिथं कोपऱ्यावर त्याचं पत्र्याचं घर. बायको मागंच वारलेली, थोरल्या दोघी नांदायला गेलेल्या, घरात धाकटी शालू. शालूनं नर्सिंगचा कोर्स केला होता. तिच्या चुलत्यांनी लग्नाचा लकडा लावला होता, आणि भिवामामानं आयुष्यात पहिल्यांदा आपल्या भावांपुढं आवाज चढवून सांगितलं होतं की पोरीची सरकारी भरतीची परीक्षा होईपर्यंत कोणी सोयरिकीचं नाव काढायचं नाही. पास झाली तर ती म्हणेल तसं. नाही झाली तर तुम्ही म्हणाल तसं. ही बोली गावात सगळ्यांना ठाऊक होती, कल्याणलाही. भरती वर्षानुवर्षांनी निघायची. त्यामुळं शालूला मिळायचा तो हा एकच डाव.

नव्या गाडीच्या पहिल्या सोमवारी जे झालं ते खरोखर नकळत झालं. कल्याण पहाटे निघाला, आळीतून बाहेर पडला, स्टँड मागं पडलं आणि गावाबाहेरच्या पुलावर त्याच्या लक्षात आलं की गाडीत आपण एकटेच आहोत. कोणी बाहेर आलंच नव्हतं. आवाजच नाही तर येणार कोण. त्याला आधी चुकल्यासारखं झालं. मग त्यानं काचा वर केल्या, कॉलेजात असताना आवडायची ती गाणी लावली आणि निवांत मागं रेलला. जालन्यापर्यंत कोणी बोललं नाही, कोणी तंबाखू मळली नाही, कोणी बँकेपाशी थांबवलं नाही. असला सुखाचा सोमवार त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

दुसऱ्या सोमवारी ते नकळत राहिलं नाही. वेग वाढला की इंजिन जागं होतं हे त्याला आता कळलं होतं. गिअरच्या दांड्याजवळ एक बटण होतं, ते दाबलं की गाडी थोडं अंतर फक्त बॅटरीवर चाले. शहरात सोसायटीतून रात्री-अपरात्री निघताना शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून ते आहे, असं श्रेयांस म्हणाला होता. कल्याणनंही आपल्या मनाला तेच सांगितलं. शेजाऱ्यांची झोप कशाला मोडायची. आणि बटण दाबून तो आळीतून असा सुमडीत सटकला, जणू स्वतःच्याच घरात चोरी करून चाललाय.

हे असं काही आठवडे चाललं. ज्यांची गाडी चुकली ते, भाऊ आज गेले नसतील, असं म्हणून एसटी धरत. उषाबाईनं एकदा विचारलं, अलीकडं सोमवारी तुमच्यासंगं कोणी नसतं का. लोकांकडं आता मोटारसायकली झाल्या, असं कल्याण ताटाकडं बघत म्हणाला.  भाजीतल्या मिठावरची तक्रार मात्र बंद झाली होती हे तिनं पाहिलं होतं, आणि तिला तेवढ्यावर बरंही वाटलं होतं.

मग तो थंडीतला सोमवार आला.

पहाटेची वेळ, हलकं धुकं. कल्याणनं नेहमीसारखं अंगणातच बटण दाबलं आणि गाडी आळीत घातली. कोपऱ्यावर भिवामामाच्या घरी लाइट चालू होता. मामा पाठमोरा, रांजणापाशी वाकून चूळ भरत होता. आणि दारासमोर, रस्त्याच्या अगदी कडेला, शालू उभी होती. अंगात स्वेटर, केस चापूनचोपून बांधलेले, छातीशी कागदांची फाइल धरलेली. ती आळीकडं कान लावून उभी असावी तशी मान जरा कलती होती.

कल्याणनं तिला पाहिलं. फाइलही पाहिली. मनात एकदम दोन गोष्टी आल्या. एक, हिला कुठंतरी जायचंय. दुसरी, पोरगी एकटी येणार नाही, मामा बसेल, आणि मामा बसला की अण्णांच्या खिलारी जोडीपासून सुरू करेल तो जालना येईपर्यंत थांबणार नाही. तेवढ्यात तिसरी आली, की आता थोड्या वेळात जाफराबादहून पहिली एसटी येईलच. ती तिसरी गोष्ट त्यानं घट्ट धरली. त्यानं नजर समोर ठेवली, आरशाकडं मुद्दाम पाहिलं नाही, आणि वळण घेऊन तो मोठ्या रस्त्याला लागला. इंजिन जागं झालं तेव्हा कोपरा मागं राहिला होता.

त्या दिवशी त्यानं गाणी लावली नाहीत. का लावली नाहीत याचा विचारही त्यानं केला नाही. पेढीवर श्रेयांसनं चहा मागवला, नवं बियाणं दाखवलं, कल्याणनं माल भरला आणि दुपार टळायला तो गावात परतला.

दुकानासमोर पाच-सहा माणसं उभी होती. बातमी भुजंगानंच दिली. शालूची परीक्षा होती, जालन्याच्या पलीकडं एका कॉलेजात. पहिली एसटी वाटेतच बंद पडली, आलीच नाही. बापलेक रस्त्यावर वाट बघत बसले. शेवटी भुजंगानं त्यांना मोटारसायकलवर घातलं आणि जमेल तेवढी पिटाळली. पोचले तेव्हा गेट बंद झालं होतं. गेटवरच्या माणसाच्या भिवामामानं पाया पडायचं बाकी ठेवलं नाही, पण वेळ म्हणजे वेळ. पोरगी गेटच्या गजाला धरून उभी राहिली आणि मग मागं फिरली, असं भुजंग सांगत होता.  आणि मग, टोमणा मारायचा म्हणून नव्हे, सहज बोलावं तसं एक जण म्हणाला, जीप असती तर पोरगी बराबर पोचली असती.

 कल्याणनं दुकानाचं शटर वर केलं आणि आत जाऊन उगाचच गोण्यांची थप्पी नीट करत बसला. आपल्याला माहीत नव्हतं, असं तो मनाशी म्हणून पाहत होता. परीक्षा आजच आहे हे कुठं माहीत होतं. एसटी येणार नाही हे कुठं माहीत होतं. दोन्ही खरं होतं. पण ती उभी आहे हे माहीत होतं, आणि बाकीच्या कशालाही त्यापुढं किंमत राहत नव्हती.

संध्याकाळी भिवामामा दुकानात आला. एका दिवसात माणूस खचल्यासारखा दिसत होता. कल्याण उठून उभा राहिला. मामा आता काय बोलणार याची त्यानं मनाशी तयारी केली. शिव्या दिल्या तर ऐकून घ्यायच्या, असं त्यानं ठरवलं. पण मामानं हात जोडले.

"चूक माझीच हाय, दादा," तो म्हणाला. "पोरगी रातीच म्हणत व्हती, काकांना फोन करून ठेव. म्या म्हणलं, कशाला, आवाज आला की निघू. जलमभर त्याच आवाजावर राह्यलो. नवी गाडी बोलत न्हाई हे माझ्या टकुऱ्यात आलंच न्हाई. तुम्ही जवळून गेल्ता अन् म्या चूळ भरीत बसलो. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही थांबला असता. तुम्ही काय टाळणारं माणूस न्हाई."

इथं एक वाक्य बोलायचं होतं. मामा, मी पाहिलं होतं. एवढंच. कल्याणच्या ओठावर ते आलंही. पण दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, भुजंग दारात होता, आणि मामाचे हात अजून जोडलेलेच होते.

"मला दिसलंच न्हाई, मामा," कल्याण म्हणाला. "धुकं व्हतं."

मामानं मान हलवली, आणि उलट कल्याणच्याच पाठीवर हात ठेवून म्हणाला की मनाला लावून घेऊ नका.

त्यानंतर कल्याणला झालं काय हे गावाला कळेना. सोमवारी तो अंगणातूनच हॉर्न वाजवत निघायला लागला. प्रत्येक दारापाशी गाडी उभी करून, जालन्याला कोणाला यायचंय का, असं विचारायचा. सायीच्या रंगाच्या गाद्यांवर दळणाची पोती बसली, कोंबड्या बसल्या, एका म्हातारीनं मागच्या गादीवर ओकारी केली तरी त्यानं ब्र काढला नाही. बँकेपाशी, कचेरीपाशी तो तास न् तास थांबायचा. गाव म्हणालं, अण्णांच्या वर गेला पोरगा. ते ऐकलं की त्याला कुठंतरी तोंड लपवावंसं वाटे. शिव्या खाल्ल्यावर माणसाला जेवण तरी जातं. या स्तुतीवर त्याला घास उतरत नव्हता.

त्यानं भरपाईचे मार्गही शोधून पाहिले. श्रेयांसला सांगून बियाण्याच्या कंपनीत शालूला काम मिळतंय का ते विचारलं. मामाला म्हणाला, तिला क्लासला ठेवा, पुढच्या भरतीचा खर्च मी बघतो. मामाचे डोळे भरले. त्यानं नको म्हणून सांगितलं, पण ही गोष्ट गावभर केली, आणि कल्याणच्या नावावर आणखी एक पुण्य जमा झालं. गावातली एकटी शालू तेवढी त्याच्याबद्दल काही बोलली नाही. दुकानावरून जाताना ती आधीसारखी काका म्हणून थांबत नसे. तिचं दुःख मोठं आहे, असं म्हणून कल्याणनं तेही आपल्या सोयीनं समजून घेतलं.

उषाबाईला त्यानं सांगितलं, एकदा, अंगणात तूर वाळत घालताना. तिनं ऐकून घेतलं. ती रागावली नाही, हेच त्याला लागलं. मला वाटलंच होतं, असं म्हणून ती तुरीत हात फिरवत राहिली. मग म्हणाली, हे मला सांगून काय उपयोग, जिथं सांगायचं तिथं जाऊन सांगा. मामा तुम्हाला खांद्यावर घेऊन फिरलाय.

कल्याण गेला. गाडी काढली नाही, चालतच गेला. वाटेत बोलायचं ते त्यानं मनात तीनदा जुळवलं आणि तिन्ही वेळा ते सबबीसारखं निघालं. शेवटी त्यानं ठरवलं की फक्त पाहिलं होतं एवढंच म्हणायचं आणि मान खाली घालून उभं राहायचं. मामा जे करील ते करील. त्या विचारानं त्याला कित्येक दिवसांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं जरा हललेलं जाणवलं.

मामा घरी नव्हता, वावराकडं गेला होता. ओट्यावर शालू सुपात तूर पाखडत बसली होती. कल्याणला पाहून तिनं पाट पुढं सरकवला. तो बसला नाही. मामा येईपर्यंत थांबलं तर आपला धीर राहणार नाही असं त्याला वाटलं, म्हणून त्यानं तिच्याशीच सुरुवात केली.

"शालू, त्या दिवशी मी…"

"मला माहीत हाय, काका." तिचा हात थांबला नाही. "तुम्ही पाह्यलं मला. मी हात केल्ता. तुम्ही समोर बघून राह्यले होते."

 म्हणजे तिला पहिल्या क्षणापासून माहीत होतं. गेटचे गज धरून उभी होती तेव्हाही माहीत होतं. बापानं हात जोडून त्याची माफी मागितली, हे तिला कळलं तेव्हाही माहीत होतं. तिनं कोणाला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. तो कसाबसा म्हणाला की मी मामाला सांगायला आलोय, त्यांच्या तोंडावर खरं बोलायला आलोय.

शालूनं सूप खाली ठेवलं.

"न्हाई सांगायचं," ती म्हणाली. "त्याला वाटतं चूक त्याची हाय. ती त्याला सोसंल. अडाणी माणूस, आवाजावर राह्यलो, म्हणून रडला अन् कामाला लागला. पण तुम्ही बघून निघून गेल्ता हे कळल्यावर तो काय करंल? जलमभर त्यानं तुमच्या एका घराला आपलं म्हणलंय. ते बी काढून घ्यायचं का त्याच्याकडून?"

"मला हे घेऊन जगता येईना, शालू."

"मला तरी कुठं येऊन राह्यलंय." तिचा आवाज चढला नव्हता, पण ती पहिल्यांदा सरळ त्याच्याकडं बघत होती. "तुम्हाला सांगून मोकळं व्हायचंय, ते मला समजतं. पण मोकळं व्हायला आमचंच घर कशाला पाह्यजे?"

 आपण माफी मागायला आलो असं कल्याणला वाटत होतं. आपण इथंही आपलाच सोमवार निवांत करायला आलो होतो, हे त्याला आता दिसलं, आणि त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की तो मुकाट्यानं पाटावर बसला.

तेवढ्यात भिवामामा आला. डोक्यावर चाऱ्याचा भारा होता. दारात कल्याणला पाहून त्याचा चेहरा उजळला. भारा टाकून त्यानं हात-पाय धुतले, शालूला चहा ठेवायला सांगितलं आणि शेजारी टेकत म्हणाला की बरं झालं दादा आलात, मीच येणार होतो. भावकीनं आता ऐकायचं सोडलं होतं. बोली झाली होती, परीक्षा काही झाली नाही, तेव्हा तोंड उघडायला जागा उरली नव्हती. येत्या रविवारी भोकरदनकडं एक स्थळ बघायला जायचं ठरलं होतं. मुलाची दोन एकर बागायत होती, स्वभाव गरीब होता. पोरीला दवाखान्यात नोकरी करू देतील का, असं आपण विचारून पाहिलं, पण ते लोक नको म्हणाले, असंही त्यानं सांगितलं. सांगताना तो खाली जमिनीकडं बघत होता.

मग तो जरा अवघडून म्हणाला, "तुम्ही संगं आलात तर बरं व्हईल. तुमच्या गाडीतून उतरलो की पाहुण्यावर वजन पडतं."

कल्याणनं दाराकडं पाहिलं. शालू आतून चहाचे कप घेऊन येत होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. येतो मामा, असं कल्याण म्हणाला. दुसरं काही म्हणायचा हक्क त्यानं त्या सकाळी कोपऱ्यावरच घालवला होता.

मामाला आनंद झाला. "जल्दी निघावं लागंल," तो म्हणाला. "आता गाडीचा आवाज येत न्हाई हे मला कळलंय. म्या पहाटपासूनच रस्त्यावर येऊन उभा राहतो."

"कशाला, बाबा?" शालू म्हणाली. तिनं कल्याणच्या हातात कप दिला. "थंडीत उभं राहायचं काय काम हाय? तू घरातच बस. काका थांबतील."

कल्याणनं कप न पिताच खाली ओट्यावर ठेवला. 

"थांबतो," तो म्हणाला.

भिवामामानं समाधानानं मान हलवली आणि लेकीकडं वळून म्हणाला, "बघ. म्या म्हणत न्हवतो, आपलीच माणसं हायेत म्हणून?"

शालू हो म्हणाली आणि तुरीचं सूप उचलून आत गेली.